मोटरच्या पेटीतले कार्ड ओलीपासून कसे वाचवाल?



पाऊस उघडला, दसरा झाला आणि उसाला पुन्हा मोटर सुरू करायची वेळ आली, की कार्यक्षेत्रात एकच तक्रार कानावर येते. "ऑटो जळाला." "मोबाईल स्टार्टर फोनच उचलत नाही." "सोलरच्या पेटीवर नुसता लाल दिवा लागतोय." पेटी दुरुस्तीला नेली की मेकॅनिक आतले कार्ड काढून दाखवतो आणि म्हणतो, "पाणी गेलंय." त्यावर शेतकऱ्याचा सवाल ठरलेला असतो, "पाणी जाईल कुठनं? पेटी पत्र्याखाली आहे. आणि आपल्याकडं पाऊस तरी असा किती पडतो?"

आमच्या मते दोघेही खरे बोलतात. यवत आणि दौंड-शिरूरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. मावळासारखा पाऊस इथे नाही. तरीही कार्ड पाण्यानेच जाते. हे पाणी पावसाचे नसते एवढेच. ते येते कुठून, तांब्याला ते कसे खाते आणि आपल्या हातात काय उपाय आहेत, ते या लेखात सविस्तर सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. कार्डाचा खर्च तर आहेच. पण पाण्याची पाळी आली असताना मोटर बंद राहिली तर खोडव्याचे नुकसान त्याहून मोठे, आणि ओलसर पेटीला हात लावून जीव गमावणे हे तर कशानेच भरून न येणारे. म्हणून हा विषय मेकॅनिकवर सोडून चालणार नाही.

तेलातल्या स्टार्टरपासून कार्डापर्यंत

जुन्या सभासदांना तेलाचा स्टार्टर आठवत असेल. त्यातले तांब्याचे संपर्कबिंदू तेलात बुडालेले असत. हँडल ओढले की तेलातच ठिणगी पडायची आणि तेलातच विझायची. तेलामुळे हवा आणि ओल संपर्कबिंदूंपर्यंत पोचत नसे. तेल वेळेवर बदलले तर असा स्टार्टर वर्षानुवर्षे चाले. त्यात नाजूक असे काहीच नव्हते.

आता पेटीत कार्ड आले. ऑटो स्विच, फेज गेल्यावर मोटर बंद करणारे यंत्र, सिमकार्डाचा मोबाईल स्टार्टर, सौरपंपाचा कंट्रोलर, ठिबकाचे वाल्व उघडझाप करणारे यंत्र, सगळ्यांच्या पोटात कार्ड आहे. २०२४-२५ मध्ये बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा उसातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग गाजला. त्यातही उसाच्या रानात हवामान केंद्र आणि जमिनीत ओलावा मोजणारी यंत्रे बसवावी लागतात. म्हणजे येत्या काळात बांधावर आणि सरीत कार्डे वाढतच जाणार.

कार्ड म्हणजे काय, तर काचतंतूच्या पातळ फळीवर चिकटवलेल्या तांब्याच्या केसासारख्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधले अंतर पुष्कळदा अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. तेलाच्या स्टार्टरमधला जाड तांब्याचा तुकडा थोडा कळकला तरी काम भागायचे. केसाएवढी पट्टी कळकली की ती तुटते आणि सगळी पेटी मुकी होते.

पाऊस नसताना पाणी येते कुठून?

पेटी श्वास घेते, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. दुपारी उन्हात लोखंडी पेटीच्या आतली हवा सहज ४५ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते आणि फटींतून बाहेर जाते. पहाटे पारा १२ अंशांवर उतरला की आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरची हवा आत ओढते. ४० सेंटिमीटर उंच, ३० रुंद आणि २० खोल अशा पेटीत २४ लिटर हवा मावते. वर सांगितलेल्या तापमानांचा हिशेब केला, तर अशी पेटी दर रात्री सुमारे अडीच लिटर बाहेरची हवा आत घेते. आज अडीच लिटर, उद्या अडीच लिटर.

आता ही हवा कसली, ते पाहा. उभ्या उसाच्या फडातून पहाटे चालत गेले की कपडे भिजतात, पाऊस नसला तरी. ऊस पानांतून सतत पाणी सोडतो. शेजारी कालवा, विहीर, सरीत भरलेले पाणी. अशी हवा ओलीने भरलेलीच असते. ३० अंश तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते. तीच हवा १२ अंशांवर आली की तिला जेमतेम ११ ग्रॅम पेलते. उरलेले पाणी कुठेतरी टेकते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब सुटतात, तसेच ते पेटीच्या पत्र्याला आणि कार्डाला आतून सुटतात. सकाळी पेटी उघडून दाराच्या आतल्या बाजूने बोट फिरवा, म्हणजे खात्री पटेल.

त्यात शेतीची वीज पाळीने येते. वीज असते तेव्हा कार्ड स्वतःच्या उष्णतेने कोमट राहते आणि त्यावर दव धरत नाही. वीज गेली की ते गार पडते, ओले होते. आणि नेमकी त्या ओल्या कार्डावर पहाटे वीज येते. "लाईट आली आणि ऑटो गेला" असे आपण म्हणतो आणि दोष लाईटला देतो. व्होल्टेजचा दोष कधी खरेच असतो. पण पुष्कळ वेळा रात्रभर साठलेल्या ओलीनेच आधी घात केलेला असतो.

ओल कार्डाचे काय करते?

हे समजायला आपल्या माजघरातलीच गोष्ट पुरे. पितळेच्या पातेल्याला कल्हई नसेल आणि त्यात ताक किंवा आमटी ठेवली, तर ती कळकते. भांड्यावर हिरवा कळंक चढतो. आंबट आणि खारट पदार्थ तांबे विरघळवतात, म्हणून आपले लोक त्यावर कथलाचा थर देत आले. कार्डावर तांब्याच्या पट्ट्या आहेत आणि डाग आहे तोही मुख्यतः कथलाचाच. आमटीची जागा घेते ती दवाची ओल आणि तिच्यात विरघळलेली धूळ.

निव्वळ शुद्ध पाणी फार थोडी वीज वाहते. पण पेटीत बसलेल्या धुळीत खताचे, राखेचे, मातीचे क्षार असतात. दवाचा थेंब त्यात पडला की खारट पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. आता पापुद्र्याखालच्या एका पट्टीला १२ व्होल्ट आहेत आणि शेजारच्या पट्टीला शून्य. मग मुलामा देण्याच्या कारखान्यात जे घडते तेच इथे घडते. धन बाजूच्या पट्टीचे तांबे झिजून पाण्यात उतरते आणि ऋण बाजूला जाऊन बसते. तिथून ते झाडाच्या मुळीसारखे फांद्या फोडत परत धन बाजूकडे वाढते. मुळी पलीकडे टेकली की शॉर्ट. झिजणारी पट्टी तुटली की सर्किट उघडे. दोन्हींत कार्ड बाद.

रंगावरून रोग ओळखता येतो. हिरवट-निळसर चढ असेल तर तांबे खाल्ले गेले आहे. काळा थर असेल तर बहुधा गंधकाच्या वायूचे काम. पांढरी भुकटी जस्ताच्या मुलाम्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या जोडावर दिसते. तांबूस गंज अर्थात लोखंडाचा, स्क्रू आणि पट्ट्यांचा.

आपल्या भागातले जादा शत्रू

ओल सगळीकडेच असते. पण आपल्या पट्ट्यात तिला चार जोडीदार मिळाले आहेत.

पहिला नदीचा. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येते, हे कुणाला सांगायला नको. रांजणगाव सांडसजवळ ती भीमेला मिळते, म्हणजे दौंड आणि शिरूर दोन्हीकडच्या काठांना हा प्रसाद आहे. जुन्या मुठा कालव्यातून, ज्याला आपण बेबी कालवा म्हणतो, त्यातूनही शहराचे प्रक्रिया केलेले पाणी शेतीला सोडले जाते. सांडपाणी कुजले, जलपर्णी सडली की कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. तो गंधकाचा वायू. घरातली चांदीची समई काळी पडते ती अशाच वायूने. रिलेच्या संपर्कबिंदूंवर चांदीच असते. ती काळी पडली की रिले टक्कन आवाज करते, पण वीज पुढे जात नाही. काठावरच्या सभासदांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा खताचा. मोटरच्या खोलीत युरिया आणि पोटॅशची पोती रचून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. युरिया ३० अंश तापमानात, हवेतील आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या पुढे गेली, की हवेतूनच पाणी ओढून पाझरू लागतो. त्याची धूळ पेटीत बसली तर पेटीतली ओल कधी सुकतच नाही. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि क्लोराइड तांब्याचा व लोखंडाचा हाडवैरी.

तिसरा गोठ्याचा. शेण-मुताचा उग्र वास म्हणजे अमोनिया. याची एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात, आणि काही महिन्यांत ती आपोआप चिरत. कुणी हात लावलेला नसे. अमोनिया, ओल आणि पितळेतला ताण या तिघांनी मिळून हे घडते, असे १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपल्या स्टार्टरचे टर्मिनल पितळीच असतात आणि घट्ट आवळल्यामुळे ताणलेले असतात. तेव्हा गोठ्याच्या भिंतीला पेटी टांगू नये.

चौथा धुराचा. गुऱ्हाळाची आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी दूरवर जाते. काजळी म्हणजे कोळसा, आणि ओला कोळसा वीज वाहतो. चुलाणात प्लास्टिकचा कचरा जाळला तर त्यातल्या पीव्हीसीतून मिठाच्या तेजाबाची वाफ सुटते. ती माणसाच्या फुफ्फुसालाही वाईट आणि तांब्यालाही. पाचट कुजवा, पेटवू नका, असे आम्ही जमिनीसाठी सांगत आलो आहोत. त्यात हे आणखी एक कारण.

मुंग्या आणि पाली हे किरकोळ वाटतात, पण उबेसाठी आत शिरून मरतात आणि त्यांच्या अंगातली ओलच शॉर्टला पुरते.

पेटी कुठे आणि कशी?

निम्मे काम पेटीची जागा करते. नदीकाठी पेटी पूररेषेच्या वर असावी. खडकवासल्यातून विसर्ग सुटल्यावर रात्री धावपळ करून पेटी सोडवण्यापेक्षा ती आधीच वर घेतलेली बरी. इतरत्र जमिनीपासून किमान छातीइतकी उंच, म्हणजे सरीतले पाणी आणि उडणारा चिखल लागत नाही. वर पत्र्याची टोपी हवी, पण टोपी आणि पेटी यांत चार बोटे मोकळी जागा ठेवावी. ऊन टोपी खाते आणि मधून वारा वाहतो. पेटी कमी तापली तर रात्रीचा श्वासही छोटा होतो.

पेटी घेताना त्यावरचे आयपी आकडे वाचावेत. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ बिलकूल आत जात नाही आणि नळीच्या पाण्याचा झोतही आत शिरत नाही. आयपी ६७ पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी टिकते. उघड्या रानात कार्डासाठी आयपी ६५ मागावी. मात्र हा आकडा नव्या, बंद पेटीचा असतो. आपण वायर घालायला तिला बाजूने भोक पाडले आणि तिथे चिंधी कोंबली, की आकडा पुसला असे समजावे. आणि हा आकडा बाहेरून येणाऱ्या पाण्याचा आहे. आत सुटणाऱ्या दवाची हमी तो देत नाही.

वायर नेहमी पेटीच्या तळातून, रबरी ग्लँडमधून घ्यावी. आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा. पाणी वायरीवरून ओघळत येते ते झोळाच्या तळाला ठिबकून जाते, वर चढत नाही. वरून किंवा बाजूने सरळ आत घेतलेली वायर म्हणजे पाण्याला बांधून दिलेला पाटच.

मोठ्या स्टार्टरच्या पेटीला तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात एक लहान भोक ठेवावे आणि त्याला बारीक जाळी लावावी. साठलेले दव निघून जाते, मुंगी आत येत नाही. लहान, पूर्ण बंद पेटीला असे भोक पाडू नये. तिला हवा येऊ देणारी पण पाणी अडवणारी श्वासपुडी मिळते, ती बसवावी. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. हे खडे आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त ओल पितात. नारंगी खडे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले, की ते भरले. ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या खड्यांत कोबाल्ट असते, म्हणून स्वयंपाकाच्या तव्यावर ते कधीही तापवू नयेत. दार रोज उघडे राहणाऱ्या पेटीत ही पुडी ठेवणे फुकट आहे. ती चार दिवसांत भरते.

कार्डावर लेप

पेटी कितीही चांगली असली तरी थोडी ओल आत येणारच. म्हणून शेवटचा बचाव कार्डाच्या अंगावर हवा. कार्डावर ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन किंवा सिलिकोनचा पारदर्शक लेप देतात. जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी. चांगल्या कंपन्यांची कार्डे लेप दिलेलीच येतात. नवीन यंत्र घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "कार्डाला कोटिंग आहे का?" पुष्कळ लेपांत असा रंग असतो की नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो निळसर चमकतो. त्यावरून लेप कुठे सुटला तेही कळते.

हमी संपलेल्या कार्डाला लेप द्यायचा असेल तर तो माहीतगार मेकॅनिककडून द्यावा आणि त्याने पुढील क्रम पाळला की नाही, ते आपण पाहावे.

१. कार्ड मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे. डागाचा चिकट मळ राहता कामा नये.

२. कार्ड पूर्ण वाळवावे. हाताला कोरडे लागले म्हणजे वाळले असे नव्हे. काही तास कोमट जागेत ठेवावे.

३. रिले, कनेक्टर, बटणे, सिमकार्डाची खाच आणि स्क्रीन चिकटपट्टीने झाकावीत. लेप संपर्कबिंदूंत शिरला तर यंत्र कायमचे बंद पडेल.

४. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. पहिला वाळल्यावर दुसरा.

घाणीवर दिलेला लेप म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. आत राहिलेला क्षार ओल ओढतो, लेपाला फोड येतात आणि तांबे आतल्या आत सडते.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली डागाची. कल्हईवाला नवसागर वापरतो आणि भांड्याला ते शोभते, कारण भांडे नंतर घासले जाते. कार्डावर नवसागराचा किंवा तेजाबाचा डाग दिला तर उरलेले क्लोराइड महिनाभरात पट्टी खाते. कार्डाला राळेचाच डाग हवा. दुसरी चूक सिलिकोनची. बाथरूमच्या फटी भरायच्या सिलिकोनला पुष्कळदा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो खरोखरच सिरक्याच्या आम्लाचा असतो आणि ते आम्ल तांब्याला कळकवते. पेटीत लावायचे सिलिकोन बिनवासाचे, न्यूट्रल लिहिलेले असावे. नळी घेताना हुंगून घ्या, दुकानदार हसला तरी चालेल.

जमिनीत किंवा पाण्यात राहणाऱ्या यंत्रांना लेप पुरत नाही. तिथे कार्ड पूर्णपणे एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनमध्ये गाडतात. दुरुस्ती होत नाही, पण ओलही पोचत नाही. पाणबुडी मोटरचे वायरजोड याच तत्त्वावर भरतात.

वायरी आणि जोड

पेटी शाबूत आणि जोड सडका, अशीही गत होते. घरून येणारी वायर ॲल्युमिनियमची आणि टर्मिनल तांब्या-पितळेचे असेल, तर ओलीत ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते, जोड तापतो आणि एक दिवस जळतो. तिथे दोन धातूंचा जोडलग वापरावा. जोड आधी स्वच्छ करून घट्ट आवळावा, मग त्यावर पेट्रोलियम जेली किंवा टर्मिनल ग्रीस चोपडावे. घट्ट सांध्याला वरून ग्रीस ओल लागू देत नाही.

ठिबकाच्या वाल्वच्या वायरी जमिनीत जोडल्या तर नुसती काळी टेप गुंडाळू नये. जेल भरलेल्या टोप्या मिळतात, त्या वापराव्यात. बऱ्याच वाल्वना २४ व्होल्ट एसी देतात. एसीत धन-ऋण सारखे पालटत राहते, म्हणून झीज डीसीपेक्षा पुष्कळ कमी होते. ओलावा मोजायची दोन उघड्या दातांची स्वस्त यंत्रे ओल्या रानात काही आठवड्यांतच दात गमावतात, कारण तिथे डीसी आणि ओल यांची गाठ कायमची पडते. त्यापेक्षा धातू झाकलेली, कडा बंद केलेली यंत्रे घ्यावीत.

वजनकाट्याचेही हेच

ही गोष्ट आमच्या अंगणातलीही आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याखाली लोडसेल असतात. पूर्ण भाराला त्यांच्याकडून साधारण वीस मिलिव्होल्ट एवढाच इशारा मिळतो. साठ टनी काट्याचा हिशेब धरला तर दहा किलोला तीन मायक्रोव्होल्टच्या आसपास येतात. काट्याच्या खड्ड्यातल्या जोडपेटीत ओल शिरली की एवढा बारीक इशारा गळू लागतो. काटा रिकामा असताना शून्य टिकत नाही, आकडा स्थिर राहत नाही. चूक कुणाच्या बाजूने पडेल, ते सांगता येत नाही.

म्हणून लोडसेल पूर्ण बंद पोलादी असावेत, जोडपेटी कोरडी आणि खड्ड्यातले पाणी निघते असावे. वैधमापन विभागाची पडताळणी दरवर्षी होते, पण ओल वर्षभर थांबत नाही. सभासदाने गाडी काट्यावर घेण्यापूर्वी शून्य पाहावे. शंका आली तर तीच गाडी दुसऱ्यांदा चढवायला सांगावी. तसे विचारणे हा भांडणाचा विषय नाही, तो सभासदाचा हक्क आहे.

कार्ड भिजलेच तर?

सर्वांत आधी जीव. ओल्या हाताने, अनवाणी पायाने, एकट्याने पेटी उघडू नये. मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत. मोबाईल स्टार्टर असेल तर मोटर फोनवरून दुसऱ्या गावाहूनही सुरू होते, हे विसरू नये. फोन कुणाजवळ आहे, ते आधी पाहावे. सौरपंपात तर धोका आणखी निराळा. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज देतच राहतात, काहीशे व्होल्ट डीसी. डीसी स्विच पाडावा. पेटीच्या आत हात घालायचे काम माहीतगारावर सोडावे. स्विच पाडल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. पेटीवर लिहिलेली मिनिटे थांबावे. लिहिलेले नसेल तर दहा मिनिटे तरी थांबावे. अर्थिंग आणि गळती पकडणारा स्विच हे दोन पहारेकरी प्रत्येक विहिरीवर हवेतच.

"चालू होतंय का बघू" म्हणून ओल्या कार्डाला वीज देणे ही सर्वांत महाग चूक. वीज नसेल तर ओले कार्ड बहुधा वाचते. वीज दिली की काही मिनिटांत तांबे हलू लागते. पुराचे गढूळ पाणी शिरले असेल तर बॅटरी काढून कार्ड आधी स्वच्छ पाण्याने धुवावे. विचित्र वाटेल, पण गाळ आणि क्षार वाळून बसण्यापेक्षा हे बरे. त्यासाठी शुद्ध केलेले किंवा बॅटरीचे पाणी उत्तम. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाऱ्याला, कोमट जागी वाळवावे. चुलीवर धरू नये. मोटर आणि केबलची मेगरने तपासणी झाल्याशिवाय स्विच ओढू नये.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्याच्या शेवटी: पेटीची टोपी, रबरी पट्टी, ग्लँड आणि तळाचे भोक पाहावे. खताची पोती दुसऱ्या खोलीत हलवावीत. काठावरच्यांनी पेटी वर घ्यावी.

ऑगस्टमध्ये, उघडीप पाहून: सिलिका जेल बदलावे, मुंग्यांची वारुळे काढावीत.

दसऱ्याला: आपण अवजारांची पूजा करतोच. त्याच दिवशी मेन बंद करून पेटी उघडावी, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, जोड आवळून ग्रीस लावावे. हळदकुंकू मात्र पेटीच्या बाहेरच वाहावे. आत पडलेले कुंकू आणि ओले फूल हीसुद्धा ओलच आहे.

थंडीत, पहाटे वीज येणार असेल तर: शक्य तेथे कार्डाला सतत बारीक वीज राहील अशी जोडणी माहीतगाराकडून करून घ्यावी. मोठ्या पेट्यांत दव धरू नये म्हणून छोटा हीटर बसवतात. आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंशांनी उबदार राहिली तरी दव धरत नाही.

एवढे करूनही कार्ड कधीतरी जाईलच, तशी लोखंडाचीही झीज होतेच. पण दर दिवाळीला जाणारे कार्ड चार-पाच दिवाळ्या काढू शकेल, आणि पाण्याच्या पाळीला मोटर दगा देणार नाही. सभासदांना आमची एकच विनंती आहे. हा अंक बाजूला ठेवल्यावर उद्या सकाळी आपल्या विहिरीवर जावे, मेन पाडावा आणि पेटीचे दार आतून पाहावे. तिथे थेंब दिसले तर काम आजपासूनच सुरू करायचे आहे.